परीक्षेला न बसवलेली मुलं

फेब्रुवारीतल्या एका रविवारी आमच्या दहिसर पूर्वेच्या सोसायटीचा जिना नेहमीपेक्षा दोन तास आधी जागा होतो. शाळकरी मुलं खाली उतरत असतात. हातात लिहायचं पॅड, पारदर्शक पाऊचमध्ये दोन बॉलपेनं, प्रवेशपत्र, आणि दोन पेपरांच्या मधल्या वेळात खायचा डबा. मागे आई, नाहीतर आजोबा. शिष्यवृत्ती परीक्षेचा दिवस. सरकारी कागदावर तिचं नाव काहीही असो, घराघरात ती 'स्कॉलरशिप'च.

मध्यंतरी एका वर्षी तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी मुलीचा फॉर्मच भरला नाही. मुलगी पाचवीत, अभ्यासात बरी. आधी वर्गशिक्षिकेचा फोन आला, मग पर्यवेक्षिकेचा. "ताई, हुशार मुलगी आहे, बसवत का नाही?" सोसायटीत तर सरळ चौकशी झाली, तिला बरं नाही का म्हणून. ठणठणीत मूल परीक्षेला बसत नाही, याला आपल्याकडे आजारपणाशिवाय दुसरं कारण कोणाला सुचत नाही.

यात भाषेचाही हात आहे. मराठीत मूल परीक्षा देतं, परीक्षेला बसतं, पण घरात चालतं ते क्रियापद तिसरंच: त्याला परीक्षेला बसवतात. गणपती बसवतात, खिडकीला ग्रिल बसवतात, तसं पोराला स्कॉलरशिपला बसवतात. बसवणारा नेहमी मोठा माणूस. न बसवण्यासाठी मात्र आपल्याकडे धड शब्द नाही. परीक्षा 'चुकवली' म्हटलं की लबाडी आली, 'बुडवली' म्हटलं की आळस आला. विचार करून नाही म्हटलं, हे सांगायला एक अख्खं वाक्य खर्चावं लागतं.

वहिनींची नणंद न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडला असते. तिनं सांगितलं होतं, आमच्याकडे पालक शाळेला चिठ्ठी देतात की आमचं मूल सरकारी चाचणीला बसणार नाही, आणि शाळा ती मुकाट्यानं घेते. वहिनींनी मला विचारलं, "काका, आपल्याकडे असं लेखी देता येतं का?" या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता येईना, म्हणून हा लेख.

आधी लाँग आयलंडचं. अमेरिकेत २००२ साली 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' हा कायदा झाला. तिसरी ते आठवीच्या प्रत्येक मुलाची भाषा आणि गणित या विषयांत दरवर्षी चाचणी घ्यायची, निदान ९५ टक्के मुलं तरी बसलीच पाहिजेत, आणि निकाल लागोपाठ खराब आले तर शाळेवर कारवाई. हेतू वाईट नव्हता. गरीब वस्त्यांतल्या, काळ्या मुलांच्या शाळा वर्षानुवर्षं काही शिकवत नाहीत आणि ते सरासरीच्या आकड्यात झाकलं जातं, ते उघड्यावर आणायचं होतं. पुढे २०१३ मध्ये न्यूयॉर्क राज्यानं चाचण्या अवघड केल्या आणि एका झटक्यात जेमतेम ३१ टक्के मुलं अपेक्षित पातळीवर उरली. त्यातच शिक्षकाची वार्षिक पारख या गुणांवरून करायची टूम निघाली. शिक्षकांनी मग काय करावं? जे मोजलं जातं तेवढंच शिकवलं. चित्रकला गेली, विज्ञान आटलं, वसंत ऋतू नुसत्या सरावपेपरांत जायला लागला.

२०१५च्या वसंतात तिथल्या साधारण अकरा लाख पात्र मुलांपैकी दोन लाखांहून अधिक मुलांनी चाचणी दिली नाही, म्हणजे पाचातल्या एकानं. आदल्या वर्षी हे प्रमाण विसात एक होतं. सगळ्यात मोठा जोर लाँग आयलंडवर. त्याच वर्षीच्या डिसेंबरात राज्याच्या शिक्षण मंडळानं हे गुण शिक्षकांच्या मूल्यमापनात धरणं काही वर्षांसाठी थांबवलं. पालकांच्या चिठ्ठ्यांनी धोरण हललं.

मात्र दोन गोष्टी नणंदबाईंनी सांगितल्या नसाव्यात. पहिली अशी की त्या चाचणीच्या गुणांवर मुलाचं काहीच अडत नव्हतं. वरच्या वर्गात जाणं नाही, कॉलेज नाही, गुणपत्रिकेतली नोंदही नाही. गुण शाळेचे होते, शिक्षकाचे होते, मुलाचे नव्हतेच. नाही म्हणणं म्हणूनच परवडलं. दुसरी गोष्ट, नाही म्हणणारे बहुतेक गोरे आणि बऱ्या परिस्थितीतले पालक होते. काळ्या आणि गरीब मुलांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या डझनभर संघटनांनी मे २०१५ मध्ये पत्रक काढून या चळवळीला उघड विरोध केला. त्यांचं म्हणणं साधं होतं: आमच्या मुलांना शाळा शिकवत नाही याचा एकमेव पुरावा तुम्ही फाडून टाकताय.

आपल्याकडे याच्यासाठी एक म्हण तयार आहे. शितावरून भाताची परीक्षा. भात शिजला का हे बघायला आई पळीवर दोन-चार शितं घेते, बोटांनी चेपते. ती परीक्षा शिताची नसते, पातेल्याची असते. शिताला कोणी गुण देत नाही. मात्र शितं वरवरचीच घेतली, बुडाशी पळी घातलीच नाही, तर पातेलं फसवतं. आणि दर दोन मिनिटांनी अख्खं पातेलंच चिवडलं, तर भाताचा गिचका होतो. न्यूयॉर्कमध्ये गिचका झाला होता. त्यावर उपाय म्हणून वरची चांगली शिजलेली शितं म्हणाली, आम्हाला हात लावू नका.

आता आपल्या स्वयंपाकघरात येऊ.

आपल्या मुलांच्या वाट्याला येणाऱ्या परीक्षांत शिताच्या परीक्षा आहेत, पण त्या कोणाला माहीतच नसतात. १२ नोव्हेंबर २०२१ रोजी देशभर राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण झालं. तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावीची मिळून सुमारे ३४ लाख मुलं, १ लाख १८ हजार शाळा. ४ डिसेंबर २०२४ रोजी त्याचाच नवा अवतार आला, 'परख राष्ट्रीय सर्वेक्षण'. या वेळी तिसरी, सहावी, नववी, आणि मुलं २१ लाखांवर. शाळा चिठ्ठीनं निघते, वर्गातली ठरावीक मुलंही चिठ्ठीनं, आणि निकाल लागतो तो जिल्ह्याचा आणि राज्याचा. तुमच्या मुलीला किती पडले हे तुम्हाला कळत नाही, तिच्या बाईंनाही नाही. अशा चाचणीला मूल न पाठवण्यात मुलाची सुटका काहीच नाही, कारण त्याला कोणी पकडलेलंच नसतं. नुकसान मात्र जिल्ह्याच्या आकड्याचं होतं.

याच जातीची, पण शाळेबाहेर होणारी पाहणी म्हणजे 'असर'. २००५ पासून 'प्रथम' संस्थेच्या पुढाकारानं स्वयंसेवक घरी जाऊन, ओट्यावर बसून, मुलासमोर एक कागद धरतात. अक्षरं, मग शब्द, मग पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. पाच मिनिटांत कळतं मूल कुठे अडलंय ते. गंमत अशी की 'प्रथम'चा जन्म नव्वदच्या दशकात मुंबईच्याच झोपडपट्ट्यांतला, पण 'असर' फक्त ग्रामीण भागात होतो. आमच्या केतकीपाड्याच्या किंवा रावळपाड्याच्या गल्लीत तो कधी येत नाही.

अख्खं पातेलं ढवळणारी चाचणीही आपल्याकडे आहे. जागतिक बँकेच्या मदतीनं चालणाऱ्या 'स्टार्स' प्रकल्पातून २०२३-२४ पासून महाराष्ट्रात नियतकालिक मूल्यांकन चाचणी सुरू झाली. शिक्षक तिला 'पॅट' म्हणतात. वर्षात तीन वेळा: आधी पायाभूत, मग संकलित एक आणि दोन. सुरुवातीला तिसरीपासून पुढे, सरकारी, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांत. पेपर राज्यातून येतात. बाई तपासतात आणि मग मोबाइलवरच्या चॅटबॉटमध्ये एकेका मुलाचे एकेका प्रश्नाचे गुण भरत बसतात. मुळातली कल्पना चांगली आहे: जुलै-ऑगस्टात कळावं की वर्गातल्या कोणाला वजाबाकीत हातचा घेता येत नाही, आणि डिसेंबरपर्यंत त्याच्याकडे बघावं. ती चांगली राहते की नाही हे एका गोष्टीवर ठरतं, भरलेले गुण बाईंकडे परत येतात का. ते वरच जात राहिले तर ती चाचणी म्हणजे नुसती पावती.

या झाल्या मुलाचं काही न बिघडवणाऱ्या परीक्षा. आता बिघडवणाऱ्या.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. आठवीपर्यंत मुलाला एकाच वर्गात बसवून ठेवायचं नाही, शाळेतून काढायचं नाही, बोर्डाची परीक्षा तर नाहीच नाही, असं त्यात स्पष्ट होतं. 'ढकलगाडी' म्हणून आपण त्याची पुष्कळ चेष्टा केली. शेवटी २०१९ मध्ये कायदा बदलला आणि पाचवी-आठवीला नापास करायचं की नाही हे राज्यांवर सोडलं. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये ती मुभा घेतली. आता पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा आहे, पास होण्याची अट आहे, नापास झालं तर पुनर्परीक्षा, तिथंही अडलं तर तोच वर्ग पुन्हा. शाळेतून काढता मात्र आजही येत नाही. म्हणजे वहिनींनी पाचवीची वार्षिक परीक्षा नाकारली असती, तर मुलीचं वर्ष गेलं असतं. पालकाला परीक्षा नाकारण्याचा हक्क देणारं कलम आपल्या कायद्यात कुठेच नाही. पालकाचं कर्तव्य सांगणारं कलम आहे: मुलाला शाळेत घाला.

मग 'ऐच्छिक' परीक्षांचं काय? फॉर्म न भरण्याची मुभा तिथं तरी आहे की नाही? या शब्दाची सगळ्यात मोठी कसोटी मुंबईत, उच्च न्यायालयात लागली आणि ती फार जुनी गोष्ट नाही.

२०२१ साल. करोनाची दुसरी लाट. एप्रिलमध्ये दहावीची बोर्डाची परीक्षा रद्द झाली. २८ मे रोजी सरकारनं सूत्र ठरवलं: नववीच्या निकालाला ५० गुण, दहावीच्या वर्षभरातल्या लेखी मूल्यमापनाला ३०, गृहपाठ-तोंडी-प्रात्यक्षिकाला २०. १६ जुलैला निकाल लागला तो ९९.९५ टक्के. शंभर टक्के गुण मिळवणारे ९५७ विद्यार्थी होते. मंडळाच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं, आणि हे गुण शाळेनं दिलेले आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. आता अकरावीचे प्रवेश कसे करायचे? म्हणून सीईटी निघाली. २१ ऑगस्टला, १०० गुणांची, दोन तासांची, बहुपर्यायी प्रश्नांची. इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं, आणि सगळं राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर.

सीईटीच्या अधिसूचनेत शब्द होता: ऐच्छिक. नको असेल तर देऊ नका. फक्त प्रवेश देताना आधी सीईटी दिलेल्यांना, आणि मग जागा उरल्या तर न दिलेल्यांना.

बसच्या रांगेत उभं राहणं ऐच्छिक आहे, पण रांगेत नसलेल्याला बस भरल्यावर विचारू, असं म्हणण्यासारखं झालं हे. मुंबईतली आयसीएसई मंडळाची एक विद्यार्थिनी पालकांच्या मदतीनं उच्च न्यायालयात गेली. तिचा मुद्दा होता, आमचा इतिहास-भूगोल वेगळा आहे, आम्ही दुसऱ्याच्या पुस्तकावरची परीक्षा का द्यायची? दुसरा मुद्दा आरोग्याचा, कारण मुलांना तेव्हा लस नव्हती. १० ऑगस्ट २०२१ रोजी न्यायमूर्ती आर. डी. धनुका आणि न्यायमूर्ती आर. आय. छागला यांच्या खंडपीठानं ती अधिसूचनाच रद्द केली, अशी परीक्षा घेण्याचा सरकारला अधिकार नाही म्हणून. सहा आठवड्यांत दहावीच्या अंतर्गत गुणांवर प्रवेश पुरे करा, असा आदेश दिला. परीक्षेला अकरा दिवस उरले होते आणि लाखो मुलांनी नोंदणी केलेली होती.

एका कुटुंबानं परीक्षा नाकारली आणि ती अख्ख्या राज्यातून गेली, असं आपल्याकडचं हे बहुधा सगळ्यात ठळक उदाहरण. पण जरा जवळून बघा. मागणी परीक्षाच नको अशी नव्हती. आमच्या मुलाची तुलना चुकीच्या मापानं करू नका, अशी होती. मुंबईतल्या पालकांच्या कोर्टातल्या लढाया बघितल्या तर प्रत्येक वेळी हेच दिसतं. २००८ मध्ये वेगवेगळ्या मंडळांचे गुण एका पातळीवर आणायला सरकारनं पर्सेंटाइल सूत्र आणलं, ते उच्च न्यायालयात पडलं. २००९ मध्ये एसएससीच्या मुलांना ९० टक्के जागा राखून ठेवल्या, त्याही न्यायालयात गेल्या. २०१० मध्ये सर्वाधिक गुणांचे पाचच विषय धरणारं 'बेस्ट फाइव्ह' आलं, उच्च न्यायालयानं नाकारलं, सर्वोच्च न्यायालयानं राखलं. तीन पावसाळे, तीन खटले. भांडण मापाचं होतं, मोजण्याचं नव्हतं.

कारण दहिसरला राहणाऱ्याला नकाशावर दिसतं. हे मुंबईचं पश्चिम रेल्वेवरचं शेवटचं स्टेशन, १९५७ साली महापालिकेच्या हद्दीत आलेलं. इथं दहावीचा एकेक टक्का स्टेशनांत मोजतात. अमुक टक्के पडले तर पार्ल्याचं कॉलेज, चार कमी पडले तर कांदिवली, आणखी कमी पडले तर घराजवळ जे मिळेल ते. जागा मोजक्या, मागणारे पुष्कळ, आणि मध्ये उभा फक्त एक आकडा. ज्या रांगेत आकडाच तिकीट आहे तिथं 'मी आकडा घेणार नाही' असं म्हणणारा बंडखोर ठरत नाही, तो फलाटावरच राहतो.

केंद्रीय मंडळानं हे करून पाहिलं होतं. २०११ पासून सीबीएसईनं दहावीची बोर्डाची परीक्षा ऐच्छिक केली. शाळेतलीच परीक्षा देऊन अकरावीत जा, म्हणाले. अट एकच, पुढेही सीबीएसईच्याच शाळेत राहायचं असेल तर. दुसऱ्या मंडळाकडे जायचं असेल, म्हणजे राज्य मंडळाच्या ज्युनिअर कॉलेजात, तर बोर्डाचीच परीक्षा. मुंबईत दहावीनंतर कॉलेजला जायचीच रीत, त्यामुळे इथं त्या मुभेची किंमत किती राहिली ते उघड आहे. २०१८ पासून ती परीक्षा पुन्हा सक्तीची झाली.

आतापर्यंत पालकांचं झालं. पण आपल्याकडे मुलांना परीक्षेपासून दूर ठेवण्याचा एक भलताच प्रकार राजरोस चालतो आणि त्याला कोणी चळवळ म्हणत नाही. तो शाळा करते.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी दहिसर स्टेशनपासून चेकनाक्यापर्यंत फलक लागतात. शंभर टक्के निकाल, सलग अमुक वर्षं. हा आकडा कसा बनतो? दहावीला बसलेल्यांपैकी किती पास, असा. म्हणजे वर जायचे दोन रस्ते झाले. जास्त मुलं पास करायची, किंवा कच्ची मुलं बसवायचीच नाहीत. दुसरा रस्ता सोपा. नववीत थांबवायचं. नाहीतर आई-बापाला बोलावून हळूच सांगायचं, दाखला घेऊन जा, बाहेरून सतरा नंबरचा फॉर्म भरा. सतरा नंबर ही चांगली सोय आहे: शाळा सुटलेल्याला, नोकरी करणाऱ्याला खासगीरीत्या दहावी देता यावी म्हणून ती केली. ती नको असलेल्या मुलांना शाळेबाहेर काढायची मोरी झाली, यात त्या फॉर्मचा दोष नाही. स्कॉलरशिपलाही हेच. कुठं पाच-सहा 'हुशार' मुलं वेचून बसवतात, म्हणजे पात्रतेचं प्रमाण छान दिसतं. कुठं वरून सांगणं येतं म्हणून अख्खा वर्ग बसवतात. मूल तेच, बाई त्याच, बदललं ते फक्त वर काय मोजलं जातं ते.

डोनाल्ड कॅम्पबेल नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं १९७०च्या दशकात हे नियमासारखं मांडून ठेवलं: ज्या आकड्यावर मोठे निर्णय अवलंबून राहतात, तो आकडा हळूहळू नासतो, आणि ज्या कामाचं माप म्हणून तो घेतला त्या कामालाही नासवतो. अटलांटा शहरात तो इतका नासला की मुलांच्या उत्तरपत्रिका खोडून दुरुस्त केल्याबद्दल २०१५ मध्ये ११ शिक्षक-अधिकारी दोषी ठरले. आपल्याकडे खोडरबर लागत नाही. सतरा नंबरचा फॉर्म पुरतो.

मला विचाराल तर न्यूयॉर्कच्या दोन लाख चिठ्ठ्यांपेक्षा ही न बोलता थांबवलेली मुलं जास्त महत्त्वाची. तिथं सुस्थितीतल्या पालकांनी नाही म्हटलं. इथं नाही म्हणायची ताकद नसलेल्या पालकाला शाळा नाही म्हणते.

आता स्कॉलरशिपकडे, कारण वहिनींचा प्रश्न तिथूनच निघाला. १९५४-५५ पासून ही परीक्षा आहे, चौथी आणि सातवीची. २०१६-१७ पासून ती पाचवी-आठवीला नेली, आणि २०२५ मध्ये सरकारनं पुन्हा चौथी-सातवीकडे वळायचं ठरवलं. पुण्याची राज्य परीक्षा परिषद ती घेते. दोन पेपर, प्रत्येकी ७५ प्रश्न आणि १५० गुण, वेळ दीड तास. म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. दहा वर्षांच्या मुलाला. दोन्ही पेपरांत निदान ४० टक्के पडले तर ते 'पात्र', आणि पाचवीला ढोबळमानानं चारातलं एक पात्र ठरत होतं. पात्र झालेल्या सगळ्यांना पैसे मिळत नाहीत, मिळतात ते गुणवत्ता यादीत आलेल्यांना. पूर्वी ही रक्कम वर्षाला काही शे रुपये होती. २०२३ मध्ये ती वाढवून पाचवीला वर्षाला ५ हजार आणि आठवीला साडेसात हजार केली.

खेड्यातल्या शाळेत या परीक्षेनं मोठं काम केलंय, हे विसरून चालणार नाही. ज्या घरात पुस्तक नव्हतं तिथं शिक्षकानं संध्याकाळी कंदील लावून पोरं बसवली, आणि त्यातून पुढे माणसं उभी राहिली. पण आमच्या सोसायटीत तिचं रूप वेगळं आहे. जूनपासून आठवड्याला तीन संध्याकाळी क्लास, डिसेंबरपासून रविवारी सराव परीक्षा, आणि तिच्या जोडीला इतर. होमी भाभा बालवैज्ञानिक, जी मुंबईच्या विज्ञान शिक्षकांची संघटना १९८१ पासून सहावी आणि नववीसाठी घेते. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा. आणि मग 'ऑलिम्पियाड'.

इथं जरा थांबतो, कारण या एका शब्दानं पालकांच्या खिशाला जेवढी चाट दिलीय तेवढी दुसऱ्यानं नसेल. खरं ऑलिम्पियाड म्हणजे शाळा संपत आलेल्या मुलांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा. गणित, भौतिकशास्त्र, रसायन, जीवशास्त्र, खगोल. आपल्या देशाचे संघ निवडण्याचं आणि तयार करण्याचं काम मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात होतं. पहिलीतल्या मुलाला शाळेतून जी पुस्तिका, फी आणि पदकाची जाहिरात येते, तिचा या ऑलिम्पियाडशी फक्त नावापुरता संबंध. त्या खासगी परीक्षा आहेत. त्यांच्या गुणांवर कुठला प्रवेश अडत नाही, सरकारला त्यांतून काही कळत नाही, आणि बाईंना तर नाहीच नाही. लेखी काय, तोंडी नकारही पुरतो.

ज्यांनी सगळंच नाकारलं अशीही माणसं आहेत. मुंबईतल्या एका आईनं मुलीला सातवीच्या सुमारास शाळेतून काढलं. मुलगी घरी प्रोग्रॅमिंगमध्ये रमली, आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिम्पियाडमध्ये, खऱ्या ऑलिम्पियाडमध्ये, तीन पदकं मिळवली आणि २०१६ मध्ये अमेरिकेच्या एमआयटीत गेली. दहावी नाही, बारावी नाही. आयआयटीचं दार तिला बंद होतं, कारण तिथं बारावी लागते. वर्तमानपत्रांनी तिचं फार कौतुक केलं, पण ज्या आईला नोकरी सोडता येत नाही तिच्यासाठी त्या बातमीत काही नव्हतं. सगळी शाळाच वेगळी काढणारेही झाले. लीलाताई पाटील यांनी १९८५ साली कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय काढलं, पुण्यात अक्षरनंदन, नाशिकला आनंद निकेतन. मुलाला काय येतं ते बघायचं, त्याचा नंबर काढायचा नाही, अशी त्यांची वाट. अशा शाळा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच राहिल्या.

वहिनींना मी एवढंच म्हणालो, कुठलीही परीक्षा आली की बाईंना विचारा, याचे मार्क कोणाकडे जातात? मुलीकडे जात असतील आणि त्यावर तिची जागा ठरत असेल, तर नाही म्हणायच्या आधी शंभरदा विचार करा. जिल्ह्याकडे जात असतील तर खुशाल पाठवा, आदल्या रात्री अभ्यास न घेता. पदक विकणाऱ्या कंपनीकडे जात असतील तर सोडून द्या. आणि वर्गशिक्षिकेकडे परत येणार असतील, तर मुलगी आजारी असली तरच घरी ठेवा.

"आणि स्कॉलरशिप?" त्यांनी विचारलं.

स्कॉलरशिप खरोखरच ऐच्छिक आहे. तिच्या निकालावर वरचा वर्ग अडत नाही, दहावीनंतरची रांग बदलत नाही. मुलीला कोडी सोडवायला आवडत असेल तर बसू द्या, नसेल तर शाळेला स्वच्छ सांगा. फोन एक-दोनदा येईल. मग येणार नाही. वहिनींना आणखी फोन आला नाही.

एक गोष्ट मात्र त्यांनाही माहीत नव्हती आणि सोसायटीत कोणालाच नव्हती. शिक्षण हक्क कायद्यानं विनाअनुदानित शाळा सोडून प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती सांगितली आहे, आणि तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला. अनुदानित शाळांत तिचं काम सल्ल्यापुरतं असलं तरी प्रश्न विचारायला कोणी अडवत नाही. तुमचं मूल महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत असेल तर पुढच्या सभेला जा आणि दोन गोष्टी विचारा: पॅटच्या पायाभूत चाचणीत आपल्या वर्गातली किती मुलं वाचनात मागे निघाली, आणि नववीतून दहावीत जाताना यंदा किती मुलांनी दाखला नेला.